चोरी होते ती टिपणवहीत : संशोधन, संदर्भ आणि उसनी वाक्यं

"मी कॉपी केलेली नाही," असं शपथेवर सांगणारा विद्यार्थी बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो. त्याच्या प्रकल्पातल्या चौथ्या पानावरचा परिच्छेद एका लेखातून जसाच्या तसा आलेला असतो, हेही तितकंच खरं असतं. घडलेलं असतं ते असं. दीड महिन्यापूर्वी वाचता वाचता त्याने तो परिच्छेद उचलून 'नोट्स नवीन २' नावाच्या फाइलमध्ये डकवला. स्रोत नंतर लिहू म्हणाला. त्याखाली स्वतःची दोन वाक्यं लिहिली, पुन्हा एक उतारा डकवला. मध्ये परीक्षा येऊन गेली. सबमिशनच्या आठवड्यात फाइल उघडली तेव्हा कुठली ओळ कुणाची, हे त्याचं त्यालाच कळेना. मग जे बरं वाटलं ते सगळं प्रकल्पात गेलं.

म्हणून वाङ्मयचौर्य टाळायचं असेल तर शेवटच्या रात्री वाक्यं उलटीपालटी करून उपयोग नसतो. काळजी घ्यायची ती टिपणं काढताना. जाणूनबुजून चोरी करणाऱ्यांसाठी हा लेख नाही. ज्यांना नीट काम करायचंय पण कुठून सुरुवात करायची ते कुणी सांगितलेलं नाही, त्यांच्यासाठी आहे.

विषय नको, प्रश्न घ्या

'सोशल मीडियाचा तरुणांवरील परिणाम' हा विषय झाला. त्यावर कुणी काहीही लिहू शकतं, आणि म्हणूनच त्यावर लिहिताना इतरांचे परिच्छेद जमवत बसावं लागतं. आता हे पाहा : 'झोपण्याआधीचा एक तास फोन बाजूला ठेवला तर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या झोपेच्या वेळेत फरक पडतो का?' हा प्रश्न झाला. त्याला 'नाही' असंही उत्तर येऊ शकतं. माझी कसोटी तीच आहे. ज्याचं उत्तर आधीच ठरलेलं आहे, तो प्रश्न संशोधनाचा नव्हे.

प्रश्न नेमका असला की चोरी करणंही अवघड होतं, हा त्याचा एक छुपा फायदा. तुमच्या नेमक्या प्रश्नाचं तयार उत्तर कुठे लिहून ठेवलेलं नसतं. पहिले दोन दिवस फक्त यासाठी द्या आणि मार्गदर्शकांना प्रश्न एका वाक्यात सांगून बघा. एका वाक्यात मावत नसेल तर तो अजून तयार झालेला नाही.

शोध कसा घ्यायचा

सुरुवात विकिपीडियापासून करायला माझी काही हरकत नाही. विषयाचा नकाशा तिथे चटकन मिळतो. पण संदर्भ म्हणून विकिपीडिया देऊ नका. लेखाच्या तळाशी जे संदर्भ दिलेले असतात, ते उघडून वाचा.

मग गूगल स्कॉलर. संशोधनपर लेख शोधायची, २००४ साली सुरू झालेली ही सेवा फुकट आहे. दोन-तीन शब्द मिळून एक संज्ञा होत असेल तर ती दुहेरी अवतरणचिन्हांत टाका, म्हणजे ते शब्द त्याच क्रमाने शोधले जातात. नको असलेल्या शब्दाआधी वजाचं चिन्ह लावा. डाव्या बाजूला वर्षांची चाळणी असते, तीही वापरा. प्रत्येक निकालाखाली तो लेख पुढे किती जणांनी उद्धृत केला याचा आकडा असतो. तो आकडा नुसता बघून पुढे जाऊ नका, त्यावर टिचकी मारा. त्या लेखानंतर आलेले आणि त्याचा आधार घेणारे सगळे लेख समोर येतात. म्हणजे एका चांगल्या लेखावरून दोन्हीकडे जाता येतं : त्याच्या संदर्भसूचीतून मागे आणि या आकड्यातून पुढे. अंदाजाने शोधशब्द टाकत बसण्यापेक्षा ही वाट लवकर पोचवते.

आधी एखादा आढावा घेणारा लेख गाठा. त्या विषयात आजवर काय झालं, वाद कुठे आहेत, हे कुणीतरी तुमच्यासाठी वाचून ठेवलेलं असतं. पूर्ण लेख पैसे भरल्याशिवाय उघडत नसेल तर 'सर्व आवृत्त्या' या दुव्याखाली बघा. लेखकाने स्वतःच्या पानावर ठेवलेली प्रत पुष्कळदा तिथे सापडते. नाहीतर सरळ ग्रंथपालांकडे जा. विद्यार्थी त्यांना फक्त पुस्तक परत करताना भेटतात, ही मोठी चूक आहे. कुठल्या डेटाबेसमध्ये काय मिळेल, हे महाविद्यालयात सर्वात चांगलं त्यांनाच ठाऊक असतं.

कोणते शोधशब्द कुठे आणि कधी वापरले, हे एका कागदावर लिहीत चला. थांबायचं कधी? नव्या लेखाच्या संदर्भसूचीत बहुतेक नावं ओळखीची दिसू लागली की.

हाती आलेलं कितपत भरवशाचं

छापून आलेलं सगळं सारख्या वजनाचं नसतं. मूळ संशोधन, त्यावर कुणी लिहिलेला आढावा आणि त्या आढाव्यावरून वर्तमानपत्रात आलेली बातमी, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आर्काइव्हसारख्या संग्रहांवर (तो १९९१ पासून चालू आहे) तज्ज्ञांच्या तपासणीआधीचे लेख असतात. ते जरूर वापरा, पण 'प्रीप्रिंट' असं नमूद करून.

अनोळखी संकेतस्थळाची पारख त्याच्याच 'आमच्याविषयी' पानावरून करू नका. तिथे ते स्वतःबद्दल चांगलंच बोलणार. दुसरा टॅब उघडा आणि इतर लोक त्याच्याबद्दल काय म्हणतात ते बघा.

आणखी एक तपासणी जवळजवळ कुणीच करत नाही : लेख मागे घेतला गेलाय का? गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्यावरच्या एकत्रित लशीचा संबंध स्वमग्नतेशी जोडणारा वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांचा लेख १९९८ साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता, तोही फक्त १२ मुलांच्या आधारावर. नियतकालिकाने तो २०१० साली मागे घेतला. मधल्या बारा वर्षांत त्याचा हवाला देणाऱ्यांची कमतरता नव्हती. मागे घेतलेले लेख नाहीसे होत नाहीत. शोधात ते आजही सापडतात, त्यांच्यावर फक्त तसा शिक्का असतो. दुसऱ्या कुठल्या तरी ठिकाणाहून उतरवलेल्या पीडीएफवर तोही नसतो. म्हणून ज्या लेखांवर तुमचा युक्तिवाद उभा आहे, ते प्रकाशकाच्या पानावर जाऊन एकदा बघा. मागे घेतलेल्या लेखांची नोंद ठेवणाऱ्या 'रिट्रॅक्शन वॉच'चा डेटाबेसही सर्वांसाठी खुला आहे.

टिपणं : इथे घाई नको

आता मुख्य मुद्दा. अमेरिकी इतिहासकार डोरिस कर्न्स गुडविन यांच्या केनेडी घराण्यावरच्या १९८७ सालच्या पुस्तकात दुसऱ्या एका लेखिकेची वाक्यं अवतरणचिन्हांशिवाय आली होती. २००२ साली हे प्रकरण जाहीर झालं. पुलित्झर मिळवलेली ही अभ्यासक. त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण असं होतं की, हाताने लिहिलेल्या टिपणांत मूळ वाक्यं आणि स्वतःचे शब्द मिसळून गेले आणि पुढे लिहिताना सगळंच आपलं वाटलं. त्यानंतर आपण उतारे स्कॅन करतो आणि आपली मतं वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो, असंही त्यांनी सांगितलं. 'नोट्स नवीन २'मध्ये झालं ते यापेक्षा वेगळं नव्हतं.

माझी पद्धत साधी आहे. लेख उघडला की वाचायला सुरुवात करण्याआधी त्याचा पूर्ण तपशील लिहायचा : लेखक, वर्ष, शीर्षक, नियतकालिक किंवा प्रकाशक, खंड, अंक, पानं आणि असेल तर डीओआय. हा शेवटचा म्हणजे त्या लेखाचा कायमचा ओळख क्रमांक. संकेतस्थळाचा पत्ता बदलला तरी तो बदलत नाही. तपशील नंतर लिहू म्हटलं की मध्यरात्री 'ते निळ्या मुखपृष्ठाचं पुस्तक कुठलं होतं' असं शोधत बसावं लागतं.

मग प्रत्येक टिपणाच्या आधी एक अक्षर टाकायचं. 'अ' म्हणजे अवतरण : शब्दन् शब्द मूळ लेखकाचा, अवतरणचिन्हांत, पान क्रमांकासह. 'सा' म्हणजे सारांश : मुद्दा त्यांचा, शब्द माझे, पान क्रमांक तरीही हवाच. 'मी' म्हणजे माझं स्वतःचं मत, शंका किंवा वाद. तिन्ही वेगवेगळ्या रंगांत लिहिलीत तर उत्तम. अक्षर नसलेलं टिपण वहीत राहता कामा नये. कुठलं ते ठरवता येत नसेल तर मूळ लेख पुन्हा उघडा. तोही सापडत नसेल तर टिपण खोडून टाका, जीव कितीही तुटला तरी.

आठवड्याच्या शेवटी वही चाळा. 'अ' भरपूर आणि 'मी' दोन-तीनच दिसत असतील, तर तुम्ही वाचताय कमी आणि उतरवताय जास्त. प्रकल्प कसा होणार, ते इथेच कळतं.

स्वतःच्या शब्दांत म्हणजे नेमकं काय

इथे बहुतेकांची गल्लत होते. या लेखासाठी मी एक नमुना वाक्य बनवतो. समजा, मूळ असं आहे : 'शहरांतील तापमान आसपासच्या ग्रामीण भागापेक्षा जास्त असण्यामागे डांबर व काँक्रीटची उष्णता साठवण्याची क्षमता, झाडांचे अल्प प्रमाण आणि वाहने व वातानुकूलन यंत्रांतून बाहेर पडणारी उष्णता ही प्रमुख कारणे आहेत.'

विद्यार्थी लिहितो : 'शहरातलं तापमान जवळच्या खेड्यांपेक्षा अधिक असतं, कारण डांबर आणि काँक्रीट उष्णता साठवतात, झाडं कमी असतात आणि गाड्या व एसीमधून उष्णता बाहेर पडते.' शब्द बदलले, पण वाक्याचा सांगाडा तोच राहिला आणि कारणांचा क्रमही तोच. ही उसन्या तुकड्यांची गोधडी झाली. खाली संदर्भ दिला तरी ती गोधडीच राहते, कारण वाचणाऱ्याला वाटतं की मांडणी तुमची आहे.

आता हे बघा : 'बांधकामाचं साहित्य, हिरवाईची कमतरता आणि यंत्रांचा वापर अशा तीन अंगांनी शहर स्वतःला तापवून घेतं, असं लेखक दाखवतात. यातलं पहिलं कारण उभ्या असलेल्या वस्तीत बदलणं कठीण. म्हणून या प्रकल्पात मी फक्त दुसऱ्याचा विचार केला आहे.' पहिल्या वाक्यात मुद्दा त्यांचा आहे, तिथे संदर्भ हवा. पुढची दोन वाक्यं तुमची आहेत, आणि तीच त्या मुद्द्याचं तुमच्या प्रकल्पात काय काम आहे ते सांगतात.

हे जमावं म्हणून एक युक्ती : परिच्छेद दोनदा वाचा, पुस्तक मिटा आणि शेजारी बसलेल्या मित्राला सांगावं तसं लिहा. लिहून झालं की पुस्तक उघडून दोन गोष्टी तपासा. अर्थ चुकला नाही ना, आणि नकळत एखादा खास शब्दप्रयोग तसाच उतरला नाही ना. उतरला असेल आणि तो हवाच असेल, तर त्याला अवतरणचिन्हं द्या.

भाषांतराबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण मराठीत लिहिणारे इथे सर्रास फसतात. इंग्रजी लेखातला परिच्छेद मराठीत आणला म्हणजे शब्द तर सगळे आपलेच झाले, असं वाटतं. तसं नाही. विचार, क्रम, उदाहरणं, सगळं मूळ लेखकाचं असतं. भाषांतर करून वापरत असाल तर अवतरणच समजा : संदर्भ द्या, पान क्रमांक द्या आणि 'भाषांतर प्रस्तुत लेखकाचे' असं लिहा. तपासणारं सॉफ्टवेअर हे पकडेलच असं नाही. पण मूळ लेख वाचलेला परीक्षक दोन ओळींत ओळखतो.

संदर्भ कशाला द्यायचा आणि कुणाचा द्यायचा

पाणी समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सियसला उकळतं, याला संदर्भ लागत नाही. कुणाचा आकडा, मत, व्याख्या, आकृती, वर्गीकरण किंवा नेमका शब्दप्रयोग घेतला की लागतो. शंका आली तर द्या. जास्तीच्या संदर्भाने कुणी नापास झालेलं नाही. आणि हो, गेल्या वर्षी स्वतःच सादर केलेल्या असाइनमेंटमधली पानं यंदा पुन्हा वापरायची असतील तर आधी विचारा. स्वतःचं जुनं लिखाण नवं म्हणून देणं हेही नियमात बसत नाही.

कुणाचा द्यायचा, हा प्रश्न जास्त मजेदार आहे. पालकाची गोष्ट बघा. पालकात खूप लोह असतं हा समज दशांश चिन्ह चुकल्यामुळे पसरला, अशी कथा तुम्ही ऐकली असेल. डिसेंबर १९८१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये टी. जे. हॅम्ब्लिन यांनी ती लिहिली, पण त्यासाठी संदर्भ दिला नाही. नंतर अनेकांनी ती उचलली, कुणी हॅम्ब्लिनचं नाव घेऊन, कुणी न घेता. २०१० साली माइक सटन यांनी या दशांश चिन्हाचा माग काढला, तर त्या चुकीचा पुरावाच हाती लागेना. म्हणजे इतरांच्या निष्काळजीपणाचं उदाहरण म्हणून सांगितली जाणारी कथा स्वतःच निष्काळजीपणे पसरलेली होती. २०१४ साली ओले ब्यॉर्न रेकडाल यांनी अशा विद्यापीठीय दंतकथांवर एक लेखच लिहिला.

म्हणून नियम असा : जे वाचलंय त्याचाच संदर्भ द्या. 'ख'च्या पुस्तकात 'क'चं मत वाचलं असेल तर आधी 'क'चं मूळ लिखाण शोधा. सापडलं तर ते वाचा आणि त्याचा संदर्भ द्या. नाहीच मिळालं तर 'क, ख यांनी उद्धृत केल्याप्रमाणे' असं प्रामाणिकपणे लिहा आणि सूचीत 'ख' टाका.

हे न करणारे किती असतात याचा एक अंदाज सिम्किन आणि रॉयचौधुरी या दोन संशोधकांनी काढला होता. भौतिकशास्त्रातल्या एका गाजलेल्या लेखाचे सुमारे ४,३०० संदर्भ त्यांनी तपासले. त्यांत छपाईच्या १९६ चुका निघाल्या, पण वेगवेगळ्या चुका फक्त ४५. एकच चूक ७८ ठिकाणी! एकाने चुकवलं आणि बाकीच्यांनी सूचीतून सूचीत उतरवलं. यावरून त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा की, संदर्भ देणाऱ्यांपैकी साधारण २० टक्केच मूळ लेख वाचतात.

शैली आणि सूची

संदर्भ कुठल्या शैलीत लिहायचे, यावर विद्यार्थी नको इतका वेळ घालवतात. मानसशास्त्र आणि समाजशास्त्रांत बहुधा एपीए, साहित्यात एमएलए, इतिहासात तळटिपांची शिकागो, अभियांत्रिकीत क्रमांकांची आयईईई. तुमच्या विभागाला कुठली चालते ते विचारा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. मजकुरात एपीएमध्ये कंसात आडनाव आणि वर्ष येतं, म्हणजे (सिम्किन व रॉयचौधुरी, २००३); एमएलएमध्ये आडनाव आणि पान. मोठं अवतरण वेगळ्या परिच्छेदात, आत सरकवून द्यायचं असतं : एपीएत ४० किंवा अधिक शब्दांचं, एमएलएत गद्याच्या चारपेक्षा जास्त ओळींचं. त्या परिच्छेदाला अवतरणचिन्हं लागत नाहीत.

स्वल्पविराम पाठ करू नका. झोटेरो हे सॉफ्टवेअर फुकट आहे. ब्राउझरमधल्या एका टिचकीत ते लेखाचा तपशील साठवतं आणि हव्या त्या शैलीत सूची बनवून देतं. मात्र ते आंधळं असतं. लेखकाचं नाव आणि आडनाव उलटं पडणं, शीर्षक सगळं मोठ्या अक्षरांत येणं, वर्ष गायब होणं हे नेहमीचंच. जुन्या फाँटमध्ये टंकलेल्या मराठी पीडीएफमधून तर निव्वळ चिन्हांचा चिवडा येतो. तिथे तपशील हातानेच भरा. मराठी आणि इंग्रजी संदर्भ एकत्र लावायचे की दोन याद्या करायच्या, हेही आधीच विचारून घ्या. शेवटच्या दिवशी दीडशे नोंदी वेगळ्या करणं हे काम कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

सूची डोळ्यांनी तपासली नाही की काय होतं, त्याचा एक अस्सल नमुना २०१७ साली उजेडात आला. एका प्रकाशकाच्या लेखकांसाठीच्या नमुना साच्यात संदर्भ कसा लिहावा हे दाखवायला एक काल्पनिक लेख दिलेला होता. असा लेखच अस्तित्वात नव्हता, ते नियतकालिकही नव्हतं. तरी जवळजवळ ४०० ठिकाणी तो उद्धृत झालेला निघाला. साचा वापरला, पण नमुना पुसायला विसरले.

एआय

आधी तुमच्या शिक्षकांचा नियम विचारा. काहींना भाषा सुधारण्यापुरतं चालतं, काहींना अजिबात नाही. चालत असेल तर कशासाठी वापरलं ते लिहा. पण एक गोष्ट कुठेच करू नका : चॅटबॉटने दिलेला संदर्भ न उघडता सूचीत टाकणं. ही यंत्रं संदर्भासारखं दिसणारं वाक्य बनवतात, आणि तो लेख जगात असेलच असं नाही. २०२३ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात विमान कंपनीविरुद्धच्या एका दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले निवाडे दाखल केले. निवाडे खरे आहेत का, हे त्यांनी चॅटजीपीटीलाच विचारलं होतं, आणि ते हो म्हणालं होतं. दंड झाला ५,००० डॉलर.

सिमिलॅरिटी रिपोर्ट आणि शेवटचा दिवस

'किती टक्के चालतं?' हा प्रश्न मला सर्वात जास्त विचारला जातो, आणि तो मुळातच चुकीचा आहे. तुमचा मजकूर इतर लिखाणाशी ताडून हा टक्क्यांचा अहवाल देणारं टर्निटिनसारखं सॉफ्टवेअर चोरी मोजत नाही, जुळणारे शब्द मोजतं. नीट अवतरणचिन्हांत दिलेली वाक्यं, संदर्भसूची, कायद्याच्या कलमाचं नाव, सगळं त्यात जुळतं. १८ टक्क्यांचा अहवाल निर्दोष असू शकतो, आणि ४ टक्क्यांत एक अख्खा चोरलेला परिच्छेद बसू शकतो. संस्थेने मर्यादा ठरवली असेल तर ती पाळावीच लागेल. पण आकड्याआधी रंगवलेली प्रत्येक ओळ बघा आणि विचारा : इथे अवतरणचिन्हं आहेत का, संदर्भ आहे का? आकडा खाली आणायला समानार्थी शब्द पेरत बसलात तर वर सांगितलेली गोधडीच तयार होईल, वर भाषा बिघडेल ती वेगळीच.

सादर करण्याआधी निदान एक दिवस हाताशी ठेवा. छापील प्रत घ्या. मजकुरातला एकेक संदर्भ सूचीत शोधून पेन्सिलने खूण करा, मग सूचीतली प्रत्येक नोंद मजकुरात शोधा. एका बाजूला असून दुसरीकडे न सापडलेल्या नोंदींचा निकाल लावा. डीओआय एकेक करून उघडा. एखादं वाक्य फारच सफाईदार वाटलं, तुमच्या एरवीच्या लिहिण्यापेक्षा उजवं, तर ते अवतरणचिन्हांत टाकून शोधून बघा. मूळ सापडलं तर संदर्भ देऊन अवतरण करा किंवा पुस्तक मिटून पुन्हा लिहा. इतका वेळ उरला नसेल तर ते वाक्य काढून टाका. आणि टिपणवही निकाल लागेपर्यंत फेकू नका. तोंडी परीक्षेत एखाद्या परिच्छेदाकडे बोट दाखवून 'हे कुठून आलं?' असं विचारलं गेलं, तर पान क्रमांकासकट उत्तर तिच्यातच असेल.